चव्वेचाळीस मतं: हार्वर्डच्या ऑफिसांमधली युनियन

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका आकड्याची आहे. आकडा आहे ४४.

१७ मे १९८८ ला अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक मतदान झालं. मतदार विद्यार्थी नव्हते आणि प्राध्यापकही नव्हते. मतदार होते विभागांमधले सेक्रेटरी, लायब्ररीतले सहायक, हिशेब ठेवणारे कारकून, प्रयोगशाळांमधले तंत्रज्ञ. प्रश्न एकच होता: तुम्हाला युनियन हवी की नको? हवी म्हणणारे १,५३०. नको म्हणणारे १,४८६. फरक ४४ मतांचा. आणि या ४४ मतांपर्यंत पोचायला दहा वर्षांपेक्षा जास्त काळ लागला होता.

पुढे जाण्याआधी एका शब्दाकडे बघूया. आपल्याकडे विद्यापीठातल्या या लोकांना काय म्हणतात? ‘शिक्षकेतर कर्मचारी’. म्हणजे शिक्षक सोडून बाकीचे. तुम्ही काय आहात ते या नावात नाहीच, तुम्ही काय नाही तेवढंच आहे. बोनाफाईड देणारा लिपिक, लॅबमध्ये काचेची भांडी मांडून ठेवणारा परिचर, परीक्षा विभागात गठ्ठे मोजणारी बाई, सगळे त्या ‘इतर’मध्ये. हे लोक थांबले की काय होतं, ते महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२३ मध्ये बघितलं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, मग संप केला, आणि विद्यापीठांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. पण आपल्याकडे भांडण बहुतेक वेळा सरकारशी असतं, वेतन आयोगावरून, थेट मंत्रालयापर्यंत. हार्वर्डचं तसं नव्हतं. ते खाजगी विद्यापीठ. तिथे समोर सरकार नव्हतं, आपलंच विद्यापीठ होतं. तेही असं, की जिथे काम करतो हे सांगताना मान ताठ व्हावी. अडचणीचं मूळ तिथेच होतं.

आता थोडा कायदा. कंटाळू नका, दोनच तारखा आहेत. अमेरिकेत कामगारांना युनियन करण्याचा आणि त्यासाठी गुप्त मतदान मागण्याचा हक्क देणारा मोठा कायदा आला १९३५ मध्ये. त्यावर देखरेख करायला राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळ नेमलं गेलं. पण खाजगी विद्यापीठं या मंडळाच्या कक्षेबाहेर राहिली. का? तर तिथे धंदा चालत नाही, ज्ञानाचं काम चालतं, असा समज. १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकरणात मंडळानं भूमिका बदलली. इतकी मोठी संस्था, इतके कर्मचारी, इतकी उलाढाल, मग हा कायदा यांनाही लागू. म्हणजे गिरणी कामगाराला १९३५ मध्ये मिळालेला हक्क विद्यापीठातल्या टायपिस्टला पस्तीस वर्षांनी मिळाला.

दार उघडलं, पण आत जाणं सोपं नव्हतं. युनियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचं गेट येतं. भोंगा होतो, हजारो लोक एकदम बाहेर पडतात, कोणीतरी स्टुलावर उभं राहून बोलतं. विद्यापीठात असं गेटच नसतं. इथे एका खोलीत एक सेक्रेटरी, पुढच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन तंत्रज्ञ, तळघरात लायब्ररीच्या चार जणी. प्रत्येकीचा ‘साहेब’ वेगळा. तो प्राध्यापक बहुतेकदा माणूस म्हणून चांगलाच असतो, मुलांची चौकशी करतो, नाताळला भेट देतो. त्यामुळे पगार कमी आहे हे त्याला सांगणं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. आणि पगार खरोखरच कमी होते.

हार्वर्डच्या आधी शेजारच्या राज्यातल्या येल विद्यापीठाची गोष्ट सांगायला हवी. न्यू हेवन हे शहर. येलमध्ये मेसचे, सफाईचे, देखभालीचे कामगार आधीपासून संघटित होते. त्यांची युनियन म्हणजे लोकल ३५. लढाऊ म्हणून प्रसिद्ध, १९७० च्या दशकात त्यांचे संप झाले होते. पण ऑफिसातल्या बायका बाहेरच होत्या. मे १९८३ मध्ये त्यांचं मतदान झालं: १,२६७ विरुद्ध १,२२८. फरक ३९. अशी लोकल ३४ जन्माला आली.

पण मतदान जिंकणं वेगळं आणि करार मिळवणं वेगळं. वाटाघाटी अडकल्या. बायकांचा मुद्दा फक्त ‘पगार वाढवा’ एवढा नव्हता. त्या विचारत होत्या की कामाची किंमत ठरते कशी? येलमध्ये ट्रक चालवणाऱ्याला वर्षाला सुमारे १८ हजार डॉलर मिळत होते आणि प्रशासकीय सहायक बाईला सुमारे १३ हजार. ट्रक चालवणं हलकं काम आहे असं कोणी म्हणत नव्हतं. पण अख्खा विभाग चालवायला लागणारं कौशल्य त्याहून कमी कसं? की ते काम बायका करतात म्हणून स्वस्त? त्या काळी अमेरिकेत पुरुषाच्या एका डॉलरमागे बाईला ५९ सेंट मिळतात असं म्हटलं जायचं. संपातल्या बायकांच्या कोटावर ५९ सेंटचे बिल्ले होते.

२६ सप्टेंबर १९८४ ला संप सुरू झाला. आणि इथे लोकल ३५ नं कमाल केली. त्यांचा स्वतःचा करार तेव्हा चालू होता, त्यांना यातून काही मिळायचं नव्हतं. तरी त्यांच्यातले बहुतेक जण कामावर गेले नाहीत. मेस बंद पडल्या, विद्यापीठाला मुलांना जेवणाचे पैसे परत द्यावे लागले. संपाची रेषा ओलांडायची नाही म्हणून कित्येक प्राध्यापकांनी गावातल्या चर्चमध्ये आणि सिनेमागृहात वर्ग घेतले. म्हणजे बघा, ज्यांची एरवी पगाराच्या तक्त्यावर तुलना व्हायची, तो ड्रायव्हर आणि ती सेक्रेटरी एकाच बाजूला उभे होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला, दहा आठवड्यांनी, या बायकांनी एक चाल खेळली. त्या कामावर परत गेल्या. हरल्या म्हणून नाही. नाताळच्या सुट्टीत कॅम्पस रिकामा असतो, तेव्हा संप करून त्रास कोणाला होणार? उलट त्या दिवसांचा पगार पदरात पडेल. जानेवारीत मुलं परत येतील, आणि तेव्हाच लोकल ३५ चा करारही संपत होता. आता दोन्ही युनियन एकत्र बाहेर पडू शकत होत्या. विद्यापीठाला हे गणित कळलं. जानेवारी १९८५ मध्ये तडजोड झाली. साडेतीन वर्षांत सरासरी सुमारे ३५ टक्के पगारवाढ.

आता परत हार्वर्ड. तिथे सुरुवात झाली होती बॉस्टनमध्ये, नदीपलीकडच्या वैद्यकीय विभागात, १९७० च्या दशकात. पुढाकार बायकांचा. त्यांच्यातली एक क्रिस रॉन्डो, स्वतः प्रयोगशाळेत काम केलेली. पुढे तीच या चळवळीचा चेहरा झाली. १९७७ मध्ये वैद्यकीय विभागात मतदान झालं, हरले. १९८१ मध्ये पुन्हा झालं, पुन्हा हरले. १९८४ मध्ये तर श्रममंडळानं सांगितलं की वैद्यकीय विभागाची वेगळी युनियन होणारच नाही, करायची तर अख्ख्या विद्यापीठाची करा. शंभरांत मोजायचे मतदार एकदम हजारांत गेले, नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या इमारतींमध्ये. त्यात ज्या मोठ्या युनियनच्या छत्राखाली त्या काम करत होत्या, त्या ऑटो कामगारांच्या युनियनशी १९८५ मध्ये फाटलं. ऑफिस गेलं, पगार गेले. बहुतेक लोक इथे घरी गेले असते. या गटानं स्वतःच्या बळावर काम चालू ठेवलं, आणि १९८७ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी राष्ट्रीय संघटना एएफएससीएमई पाठीशी उभी राहिली.

त्यांची पद्धत काय होती? मला यातला सगळ्यात रोचक भाग हा वाटतो. पत्रकं वाटण्यावर भर नव्हता. व्यवस्थापनाला शिव्या घालणंही नव्हतं. एकीनं दुसरीला भेटायचं, दुपारी डबा खाताना बसायचं, ऐकायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यांची गाणी होती, गाणारा गट होता, मतदानाच्या दिवशी फुगे होते. दोन घोषणा गाजल्या. मराठीत सांगायचं तर पहिली अशी: युनियनच्या बाजूनं असणं म्हणजे हार्वर्डच्या विरोधात असणं नाही. आणि दुसरी: प्रतिष्ठेवर पोट भरत नाही.

या दोन्ही एकत्र वाचा. पहिली म्हणते, आमचं या संस्थेवर प्रेम आहे. दुसरी म्हणते, म्हणून फुकट राबणार नाही. ‘एवढ्या मोठ्या ठिकाणी नोकरी लागलीये, वर पैसे काय मागतेस?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आमच्या आयटीत तर कंपनीचं नाव बायोडेटावर येणं हाच पगाराचा भाग धरतात. या बायकांनी त्या वाक्याला दिलेलं उत्तर चिडून दिलेलं नव्हतं, म्हणूनच ते खोडणं अवघड गेलं.

विद्यापीठानं विरोध केलाच. गंमत अशी की तेव्हाचे अध्यक्ष डेरेक बॉक हे स्वतः कामगार कायद्याचे प्राध्यापक. अमेरिकन कामगार चळवळीवर त्यांनी जॉन डनलॉप यांच्याबरोबर पुस्तकही लिहिलेलं. हे डनलॉप नाव लक्षात ठेवा.

आता ४४ चा हिशेब करू. एकूण मतं ३,०१६. फरक ४४, म्हणजे फक्त २२ जणींनी मत फिरवलं असतं तर बरोबरी झाली असती. आणि त्या कायद्यात बरोबरी म्हणजे युनियनची हार, कारण निम्म्याहून जास्त मतं लागतात. तीन हजारांत बावीस. एखाद्या मोठ्या विभागातल्या डबा खाणाऱ्या दोन टेबलांएवढ्या. कोणती भेट निर्णायक ठरली हे कधीच कळणार नाही, त्यामुळे एकही भेट वाया गेली असं म्हणता येत नाही.

निकालावर विद्यापीठानं आक्षेप घेतला. न्यायाधीशानं तो फेटाळला. बॉक यांना पुढे अपील करता आलं असतं, वर्षानुवर्षं प्रकरण लांबवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. निकाल मान्य केला, आणि वाटाघाटींसाठी विद्यापीठाच्या बाजूनं आणलं कोणाला? त्याच जॉन डनलॉपना, जे एकेकाळी देशाचे कामगारमंत्री होते. १९८९ मध्ये पहिला करार झाला. त्यात नियमांची जंत्री करण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या संयुक्त परिषदांवर भर होता. म्हणजे विभागातले प्रश्न विभागातल्याच लोकांनी समोरासमोर बसून सोडवायचे. ज्या पद्धतीनं युनियन उभी राहिली, तीच पद्धत करारात उतरली.

शेवटी त्या १,४८६ जणांबद्दल. अमेरिकेच्या कायद्यात युनियन जिंकली की ती सगळ्यांची प्रतिनिधी होते, ‘नको’ म्हणणाऱ्यांचीसुद्धा. म्हणजे १८ मेच्या सकाळी या बायकांना अशा लोकांच्या वतीनं बोलायचं होतं, ज्यांनी कालच त्यांना नाकारलं होतं. त्यांच्यातल्या कित्येकी त्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर बसत होत्या. प्रचार शिवीगाळीचा असता तर ही सकाळ फार अवघड गेली असती. ४४ मतांनी जिंकलेल्या युनियनला टिकायचं असेल तर हरलेल्या बाजूला सोबत घ्यावंच लागतं. ती टिकली. हार्वर्डच्या कारकून आणि तंत्रज्ञांची ही युनियन आजही आहे, आजही करार करते.

ऐकणाऱ्यांमध्ये, वाचणाऱ्यांमध्ये कोणी शिक्षकेतर कर्मचारी असाल, किंवा तुमच्या घरात कोणी असेल, तर तुमच्या संघटनेची गोष्ट आम्हाला जरूर कळवा. प्राध्यापकांचे गौरवग्रंथ निघतात, विद्यार्थी चळवळींवर पुस्तकं येतात. परीक्षा विभागाच्या खिडकीमागचा इतिहास अजून बराचसा लोकांच्या आठवणीतच आहे. तो लिहून ठेवायला हवा.

भेटू पुढच्या भागात.