म्यूलहाउझेनची तीन चर्चे

मी विद्यापीठात शिकलेला मनुष्य नव्हे. दिवसा कामगारांच्या सभा आणि रात्री हाती लागेल ते पुस्तक, एवढीच माझी शाळा. म्हणून जर्मनीतील म्यूलहाउझेन या गावी जाण्याचा योग आला तेव्हा चर्चच्या कमानी कोणी बांधल्या यापेक्षा त्यांच्याखाली कोण उभे राहिले, हेच मी आधी विचारले.

थुरिंगिया प्रांतातील हे जुने स्वायत्त शहर. सेंट मेरीचे चर्च हे त्यातले सर्वांत मोठे. मनोरा 86 मीटर उंच. दक्षिणेच्या दारावरील सज्जातून चार दगडी माणसे वाकून खाली पाहतात. सम्राट चौथा चार्ल्स, त्याची राणी आणि दोन सेवक. वर राजा, खाली रयत! परंतु याच चर्चमध्ये 1525 साली थॉमस म्युन्त्सर हा धर्मोपदेशक रयतेच्या बाजूने बोलला.

त्याच वर्षी मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी बारा कलमांचे मागणीपत्र काढले होते. धर्मगुरू आम्ही निवडू, जंगलातले लाकूड मिळावे, वेठ कमी व्हावी, दास्य संपावे. मागणीपत्रे लिहिण्यात माझी हयात गेली. मला ती कलमे परकी वाटली नाहीत.

म्युन्त्सर आणि मठ सोडून आलेला हाइनरिख फायफर यांच्या प्रेरणेने मार्चमध्ये येथे जुनी नगरसभा जाऊन ‘शाश्वत सभा’ आली. ती दोन महिने टिकली. 15 मे रोजी फ्रांकेनहाउझेनजवळ राजेरजवाड्यांच्या फौजेने हजारो शेतकरी कापून काढले. 27 मे रोजी दोघांचाही शिरच्छेद झाला. पोपशी झुंजणाऱ्या ल्यूथरनेही शेतकऱ्यांविरुद्धच लेखणी उचलली. शहराची गेलेली स्वायत्तता 1548 मध्ये परत मिळाली.

सेंट ब्लासियसच्या चर्चमध्ये 1707-08 साली बाख ऑर्गन वाजवीत असे. 4 फेब्रुवारी 1708 रोजी नव्या नगरसभेच्या सन्मानार्थ त्याने रचलेले संगीत झाले, ते मात्र सेंट मेरीत. भिंती त्याच, त्यांनी बंडही ऐकले आणि अधिकाऱ्यांचा गौरवही.

तिसरे चर्च धान्यबाजारातील फ्रान्सिस्कन मठाचे. 1975 पासून तेथे शेतकरी-युद्धाचे संग्रहालय आहे. त्याच वर्षी पूर्व जर्मनीच्या राजवटीने शहराच्या नावाला म्युन्त्सरचे नाव जोडले. 1991 मध्ये ते निघाले. मेलेल्या बंडखोरालाही सत्ता आपल्या गाड्याला जुंपते, हे आपण ओळखून असावे.

माझे वडील 1982 च्या गिरणी संपात होते. संप बुडाला, आणि आपले सारे फुकट गेले असे ते अखेरपर्यंत म्हणत. प्रशियात शेतकऱ्यांचे दास्य 1807 च्या फर्मानाने मोडले; बारा कलमांनंतर 282 वर्षांनी. ते त्या रक्ताचे थेट फळ नव्हे, हे मी जाणतो. पण मागणी हरली म्हणजे ती खोटी ठरली, असे नव्हे. हे वडिलांना सांगायचे राहिले. ते आज नाहीत, म्हणून आपणांस सांगितले.