मेंडोसिनोचा खाटीक

खाटीक पक्षी आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेला असतो, फक्त नाव ठाऊक नसतं. शेताच्या कडेला तारेवर नाहीतर बाभळीच्या शेंड्यावर बसलेला, डोळ्यांवरून काळी पट्टी, चोच टोकाशी वाकडी. टोळ, पाल, जे सापडेल ते मारून काट्याला टोचून ठेवतो, म्हणून खाटीक. शास्त्रीय नावातल्या 'लॅनियस'चा लॅटिन अर्थही तोच.

यातल्या तपकिरी खाटकाचं तर नावच मुळात चुकलंय. अठराव्या शतकात बंगालमधला एक पक्षी बघून जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज चित्रकाराने त्याच्या डोक्यावर तुरा काढला. १७५८ साली लिनियसने त्यावरून नाव ठेवलं 'क्रिस्टेटस', म्हणजे तुरेवाला. प्रत्यक्षात याला तुरा नाहीच! पण एकदा पडलेलं नाव शास्त्रात सहसा बदलत नाहीत. असो.

तर मार्च २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मेंडोसिनोजवळ, एक परका खाटीक दिसला. पहिला अंदाज हाच, तपकिरी. त्यात वावगं काही नव्हतं. हा सैबेरियात घरटी करतो, हिवाळ्यात आपल्याकडे येतो, आणि वाट चुकून पॅसिफिकपलीकडे गेल्याच्या नोंदीही होत्या. कॅलिफोर्नियातच १९८४ साली फॅरालॉन बेटांवर एक सापडला होता. मागे येऊन गेलेलाच पुन्हा आला असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं.

पण पक्षी होता लहान, पहिल्याच हिवाळ्यातला. या वयात तपकिरी, लाल पाठीचा आणि तुर्कस्तानी असे तिन्ही खाटीक इतके सारखे दिसतात की भलेभले चकतात. शेपटीची रुंदी, पंखावरचा पांढरा ठिपका, असल्या बारीक खुणांवर सगळं अवलंबून. शेवटचे दोघे तर विसाव्या शतकात कित्येक पुस्तकांत एकाच जातीत घातलेले होते. (लाल पाठीचा आफ्रिकेला जाता जाता शरदात कच्छ-राजस्थानात उतरतो. तिथेही हाच गोंधळ.)

इथे एक गोष्ट नशिबाने घडली. पक्षी एप्रिलपर्यंत तिथेच राहिला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत त्याने पिसं बदलली. मोठ्या नराची नवी पिसं आली तसा तपकिरीचा दावा निकालात निघाला. आता सगळ्यांना मोह लाल पाठीच्या खाटकाचा! तो उत्तर अमेरिकेच्या यादीत तोवर नव्हता. म्हणजे अख्ख्या खंडासाठी नवा पक्षी.

तरी काही खुणा जुळेनात, त्या तुर्कस्तानीकडे झुकत होत्या. पिसांच्या बदलाचा जन्मभर अभ्यास केलेले पीटर पाइल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी त्याच वर्षी निष्कर्ष छापला: हा ना हा, ना तो, दोघांचा संकर. मध्य आशियात दोघांचे प्रदेश भिडतात तिथे अशा जोड्या जमतात. बिचारा कुठून कुठे आला बघा!

संकरित पक्षी तिथल्या याद्यांमध्ये मोजत नाहीत. त्यामुळे दूरदूरहून तो बघायला आलेल्यांच्या वहीत आकडा होता तिथेच राहिला. एप्रिलच्या उत्तरार्धात तो दिसेनासा झाला, अंगावर नवी कोरी पिसं घेऊन.