आपला स्कोअर दुसऱ्याच्या सर्व्हरवर: ओपनफेंटची गोष्ट

गेल्या आठवड्यात जुनी हार्ड डिस्क चाळताना कॉलेजमधला आमचा गेम सापडला. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही तिघांनी हॉस्टेलच्या खोलीत बसून बनवला होता. फोनवर टाकला आणि चक्क चालू झाला! पण लीडरबोर्डचं बटण दाबलं, तर ते चक्र नुसतं फिरतच राहिलं. आमच्या अख्ख्या बॅचचे स्कोअर तिथे होते. ते कसे गेले, हे शेवटी सांगतो. त्याआधी असंच खूप मोठ्या प्रमाणावर घडलं होतं, ती गोष्ट ऐका.

जुलै २००८. ॲपलचं ॲप स्टोअर नुकतंच सुरू झालं होतं. सुरुवातीच्या गेम्समध्ये ऑरोरा फेंट नावाचा एक पझल गेम होता. बनवणारे दोघं: जेसन सिट्रन आणि डॅनिएल कॅसली. गेममध्ये तुमचे मित्र शोधायची सोय होती. पण त्यासाठी हा गेम फोनमधली सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट एन्क्रिप्ट न करताच सर्व्हरवर पाठवायचा. बोंबाबोंब झाली, ॲपलने गेम काही दिवस स्टोअरवरून काढला, दुरुस्ती झाल्यावर तो परत आला.

पुढे या मंडळींच्या लक्षात आलं की गेमपेक्षा त्यातला मित्र जोडणारा भागच जास्त कामाचा आहे. कारण तेव्हा बरेच गेम एक-दोन माणसंच बनवायची. लॉगिन, मित्रांची यादी, लीडरबोर्ड, चॅट हे सगळं करायचं तर स्वतःचा सर्व्हर हवा, डेटाबेस हवा, रात्री दोनला तो बंद पडला तर उठून बघणारा माणूस हवा. एवढं कोण करणार? म्हणून २००९ मध्ये त्यांनी तो भाग वेगळा काढून लायब्ररी केली: ओपनफेंट. फुकट. आपल्या गेममध्ये जोडा, थोडा कोड लिहा, झालं काम. हजारो गेम्सनी ती घेतली. आपण सगळ्यांनी ज्यावर फळं कापली, त्या फ्रूट निंजामध्येसुद्धा ती होती.

मग दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबर २०१० मध्ये ॲपलने स्वतःचं गेम सेंटर आणलं. म्हणजे ओपनफेंट ज्या जागेवर उभं होतं, त्या जागेचा मालकच शेजारी तेच दुकान टाकून बसला. आणि एप्रिल २०११ मध्ये जपानच्या ग्री कंपनीने ओपनफेंट विकत घेतलं, १० कोटी ४० लाख डॉलरला. ग्रीला स्वतःचा प्लॅटफॉर्म वाढवायचा होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये जाहीर झालं की १४ डिसेंबरला ओपनफेंट बंद. जेमतेम महिनाभर हातात.

आता विचार करा. ज्याने गेम बनवून दुसरी नोकरी धरली होती, त्याने काय करायचं? जुना कोड उघडायचा, लायब्ररी काढायची, दुसरी बसवायची, परत तपासायचं. ज्यांना जमलं त्यांनी केलं. बाकीच्या गेम्समध्ये ते बटण तसंच राहिलं, पलीकडे कोणी नाही.

इथे एक फरक समजून घ्या. फोटो क्रॉप करणारी लायब्ररी घेतली आणि बनवणारा तिला विसरून गेला, तरी तिचा कोड आपल्याकडे असतो, तो चालत राहतो. सोशल लायब्ररीचा अर्धाच भाग आपल्याकडे असतो. उरलेला अर्धा दुसऱ्याच्या सर्व्हरवर.

आणि कंपनी बंदच पडायला हवी असंही नाही. फेसबुकने एप्रिल २०१५ मध्ये जुनं एपीआय बंद केलं. त्यानंतर गेमला तुमच्या सगळ्या मित्रांची यादी मिळेना, फक्त तोच गेम वापरणारे मित्र दिसू लागले. प्रायव्हसीच्या दृष्टीने बरंच झालं, पण त्या यादीवर उभे असलेले गेम अडचणीत आले. ६ मे २०२० ला तर फेसबुकच्या सर्व्हरवर एक बदल झाला आणि आयफोनवर स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडर उघडताक्षणी बंद पडू लागले. फेसबुकने लॉगिन न करणाऱ्यांचेसुद्धा! त्या ॲप्सच्या इंजिनिअर्सनी एक ओळही बदलली नव्हती. जुलैमध्ये परत तेच.

आता आमची गोष्ट. आम्ही एक फुकट लीडरबोर्ड सेवा वापरली होती. खातं उघडलं होतं मित्राच्या कॉलेजच्या ईमेलवर. पास झालो, कॉलेजने ते ईमेल बंद केलं. सेवा बंद होतेय, डेटा उतरवून घ्या, ही सूचना त्याच पत्त्यावर गेली असणार. आम्हाला कळलंच नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. स्कोअरची एक कॉपी आपल्याकडे ठेवावी, हे आमच्या तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

म्हणून लायब्ररी वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. ती नसती तर आमच्या गेममध्ये लीडरबोर्डच नसता. पण गेम बनवत असाल तर लॉगिन भले दुसऱ्याचं घ्या, खेळाडूचा आयडी आणि स्कोअर मात्र आपल्या डेटाबेसमध्येही ठेवा. नुसतं खेळत असाल तर आजच सेटिंगमध्ये जाऊन बघा, खातं एकाच लॉगिनवर लटकलंय का. दुसरं जोडता येत असेल तर जोडून टाका.

जाता जाता एक गंमत. त्याच जेसन सिट्रनने पुढे डिस्कॉर्ड काढलं, २०१५ मध्ये. आणि मार्च २०२५ मध्ये डिस्कॉर्डने गेम बनवणाऱ्यांसाठी एक लायब्ररी आणली. मित्रांची यादी, चॅट, सगळं गेममध्येच. फुकट.

मी पण वापरून बघणार आहे. यावेळी ईमेल माझं स्वतःचं देईन. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!