जमाखर्चाला वाचा फुटली

इतिहासाच्या साधनांची प्रतवारी लावण्याची आपल्याकडील रीत सर्वश्रुत आहे. बखरीपेक्षां अस्सल पत्र श्रेष्ठ, आणि पत्रापेक्षांहि त्या त्या दिवशींचा हिशेबाचा कागद अधिक विश्वसनीय, असें आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों आहों. बखरकार धन्याची स्तुति करील, पत्रलेखक आपलें अंग राखील. पण तेल किती आणि मीठ किती हें टिपणाऱ्या कारकुनास खोटें लिहिण्याचें फारसें कारण नसतें. तरीहि या कागदांत एक उणीव राहतेच. तेल किती आलें हें तो सांगतो; तें पुरलें कीं नाहीं, आणि न पुरल्यास घरांत उपाशी कोण निजलें, हें तो सांगत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न इंग्लंडच्या उत्तर भागांत १९३९ च्या महायुद्धापूर्वीं एका तरुण बाईनें केला. तिचें साधन लेखणी नव्हे, नभोवाणी हें होतें.

ऑलिव्ह शॅप्ली यांचा जन्म १९१० सालचा. ऑक्सफर्ड येथें शिक्षण संपवून त्या १९३४ सालीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या मँचेस्टर केंद्रांत मुलांच्या कार्यक्रमाच्या कामावर रुजू झाल्या, आणि पुढें प्रौढांसाठीं कार्यक्रम रचूं लागल्या. काळ मंदीचा होता. १९३३ च्या आरंभीं ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरांत गेली होती. लँकेशरच्या कापडगिरण्यांवर आणि डरहॅमच्या कोळशाच्या खाणींवर जगणाऱ्या गांवांवर अवकळा पसरली होती. या विपत्तीवर नभोवाणींत भाषणें होत नव्हतीं असें नाहीं. १९३१ च्या जानेवारींत केन्ससारख्या पंडितानें देशांतील गृहिणींस, काटकसर सोडा आणि खरेदीस बाहेर पडा, म्हणजे कोणाला तरी काम मिळेल, असा उपदेश केला होता. त्या उपदेशामागील तर्क आम्हांस मान्य आहे. परंतु जिच्या हातीं खर्चावयास कांहीं उरतच नाहीं, ती गृहिणी त्यावर काय उत्तर देते, हें ऐकण्याची सोय नव्हती.

ती नसण्याचें कारण पाहण्यासारखें आहे. सामान्य माणसास ध्वनिक्षेपकापुढें आणावयाचें, तर त्याचें बोलणें आधीं लिहून काढावें, तपासावें, आणि मग तेंच त्याच्याकडून वाचवून घ्यावें, असा तेथील शिरस्ता होता. सारा जन्म खाणींत घालविलेला मनुष्य कागद हातीं घेऊन वाचूं लागला, कीं त्याचे स्वतःचे शब्द हरवत. असें असूनहि १९३४ सालच्या ‘टाइम टु स्पेअर’ या मालेंत बेकारांनीं आपली दैना सांगितली, तेव्हां तिचे पडसाद पार्लमेंटांत उमटले, आणि ती माला सरकारास खुपली. आंकडे ऐकून न हललेले लोक आवाज ऐकून हलले.

शॅप्लीबाईंच्या हातीं नवें साधन आलें, तें ध्वनिमुद्रणाच्या अवजड मोटारगाडीचें. तींत तबकडीवर आवाज कोरला जाई, आणि एका तबकडीवर थोड्या मिनिटांचेंच बोलणें मावे. एवढ्या भांडवलावर बाई बेघरांच्या निवाऱ्यांत गेल्या, रात्रभर माल वाहणाऱ्या मोटारचालकांत मिसळल्या, कालव्यावरील नावाड्यांबरोबर हिंडल्या. बाजारहाटासारख्या नित्याच्या गोष्टीवरहि त्यांनीं कार्यक्रम रचला. १९३९ सालीं त्या डरहॅम परगण्यांतील क्रेगहेड या खाणगांवीं जाऊन राहिल्या, आणि तेथील एका खाणकामगाराच्या पत्नीस बरोबर घेऊन फ्रान्समधील खाणकामगारांच्या वस्तींत गेल्या. एकाच धंद्यावर चालणाऱ्या दोन देशांतील संसारांची ती तुलना कोणा प्राध्यापकानें नव्हे, तर संसार चालविणाऱ्या बाईनें केली. आमच्या मतें अर्थशास्त्राच्या इतिहासांत या गोष्टीची नोंद व्हावयास हवी.

त्याच वर्षींचा ‘द क्लासिक सॉइल’ हा कार्यक्रम मात्र आम्हांस अधिक विचार करावयास लावतो. एंगल्स १८४२ सालीं मँचेस्टरास आला, आणि तेथील श्रमजीवी वर्गाच्या स्थितीवरील त्याचा ग्रंथ १८४५ सालीं प्रसिद्ध झाला. जोन लिटलवुड यांच्या लेखनसाहाय्यानें शॅप्लीबाईंनीं त्या ग्रंथांतील मँचेस्टर आणि १९३९ चें मँचेस्टर शेजारीं शेजारीं मांडलें. शंभर वर्षांत गरिबाचें कितीसें पालटलें, हाच त्यांतला सवाल होता. मुद्रित केलेले आवाज खरे होते, माणसें खरीं होतीं. पण कोणता आवाज ठेवावा आणि कोणता गाळावा, हें ठरविणारा हात निर्मात्रीचा होता. साधन अस्सल, परंतु मांडणी बखरीची! हा आरोप परक्या टीकाकाराचा नाहीं. आपण केलेला तो कार्यक्रम कमालीचा एकतर्फी होता, असें उत्तरायुष्यांत शॅप्लीबाईंनींच मोकळेपणानें म्हटलें.

त्याच १९३९ सालीं त्यांनीं आपले सहकारी जॉन सॉल्ट यांच्याशीं विवाह केला. विवाहित स्त्रियांस कायम नोकरींत न ठेवण्याचा नियम त्या संस्थेंत १९३२ पासून होता. त्यामुळें बाईंना जागा सोडावी लागली. गृहिणीचें अर्थकारण देशास ऐकविणाऱ्या स्त्रीस स्वतः गृहिणी होतांच पगारास मुकावें लागावें, हा त्या काळाच्या जमाखर्चांतील एक विलक्षण आंकडा आहे. नियम १९४४ सालीं उठला. बाईंनीं मात्र नभोवाणी सोडली नाहीं. पुढें स्त्रियांसाठींच्या ‘वुमन्स अवर’ या कार्यक्रमांतून त्यांचा आवाज घरोघर ओळखीचा झाला. १९९९ सालीं त्या वारल्या.

आतां प्रतवारी लावावयाची झाल्यास या तबकड्या आम्ही कोठें ठेवाव्या? हिशेबाच्या कागदाशेजारीं, असें आमचें उत्तर आहे. कागदानें मजुरीचा आंकडा द्यावा आणि तबकडीनें तो पुरला कीं नाहीं तें सांगावें. आणि दोहोंसहि, हें कोणी निवडलें आणि काय गाळलें, असा प्रश्न विद्यार्थ्यानें विचारावा. शॅप्लीबाईंच्या पुराव्यावर आमचा विश्वास बसतो तो त्यांतील आवाजांमुळें तर खराच, पण त्याहूनहि अधिक त्यांच्या त्या कबुलीमुळें. आमच्या बखरकारांपैकीं कोणीं अशी कबुली दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.