उच्चशक्ती अर्धवाहक लेसरची शलाका-गुणवत्ता

उच्चशक्ती अर्धवाहक लेसरची शलाका-गुणवत्ता म्हणजे अशा लेसरमधून निघणारी प्रकाशशलाका किती लहान ठिपक्यात एकवटता येते आणि दूर जाताना ती किती कमी पसरते, याचे माप होय. हे माप ‘एम-वर्ग’ या गुणकाने दर्शवतात. आदर्श गाउसीय शलाकेसाठी त्याचे मूल्य १ असते; शलाका जितकी सदोष, तितके ते अधिक. साध्या भिंगाने शलाकेचा ठिपका लहान केल्यास तिचा पसरण्याचा कोन त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे मुळात बिघडलेली गुणवत्ता भिंगाने सुधारत नाही.

गुणवत्ता ढासळण्याची कारणे

गॅलियम आर्सेनाइडवर आधारित लेसरमध्ये प्रकाश चिपच्या कडेवरील सुमारे १ मायक्रोमीटर उंचीच्या भागातून बाहेर पडतो. उभ्या दिशेत शलाका झपाट्याने पसरते, पण ती जवळजवळ आदर्श असल्याने दंडगोल भिंगाने समांतर करता येते. खरी अडचण आडव्या दिशेची आहे. प्रकाश निर्माण करणारा पट्टा ३ ते ५ मायक्रोमीटर रुंद असल्यास त्यात एकच मोड टिकतो. परंतु शक्ती फार वाढवल्यास कडेवरील प्रकाशाच्या घनतेने तेथील स्फटिक वितळतो आणि लेसर कायमचा निकामी होतो. म्हणून पट्टा सुमारे १०० मायक्रोमीटर रुंद करतात. त्यामुळे एका चिपमधून १० वॅटहून अधिक शक्ती मिळते, मात्र अनेक मोड एकाच वेळी उत्पन्न होतात. शिवाय जेथे प्रकाश तीव्र, तेथे विद्युतभारवाहक खर्ची पडतात, अपवर्तनांक वाढतो आणि प्रकाश तेथेच आणखी एकवटतो. परिणामी शलाका तंतूंसारखी विभागली जाते. पट्ट्याचा मध्यभाग कडांपेक्षा अधिक तापल्याने तयार होणारे औष्णिक भिंगही यात भर घालते.

सुधारणेचे मार्ग

निमुळत्या लेसरमध्ये अरुंद भाग एकच मोड निवडतो आणि पुढील रुंदावत जाणाऱ्या भागात तो विवर्तनाने पसरत वर्धित होतो. मात्र उभ्या व आडव्या दिशांतील नाभी एका जागी येत नाहीत. ते दुरुस्त करण्यास जादा भिंग लागते.

तरंगलांबी-संयोजनात विवर्तन जालकाच्या साहाय्याने अनेक लेसर किंचित भिन्न तरंगलांब्यांवर चालवून एकाच मार्गावर आणले जातात. शक्तीची बेरीज होते, गुणवत्ता मात्र जवळपास एकाच लेसरइतकी राहते. प्रकाश एकवर्णी उरत नाही. धातू कापण्याच्या कामी त्याने बिघडत नाही.

याहून वेगळा मार्ग जपानमधील क्योटो विद्यापीठात सुसुमु नोडा यांच्या गटाने १९९९ पासून विकसित केलेल्या फोटॉनिक स्फटिक लेसरचा आहे. त्यात सूक्ष्म छिद्रांची नियमित जाळी प्रकाशाला संपूर्ण क्षेत्रावर एकाच मोडमध्ये बांधते आणि तो कडेऐवजी पृष्ठभागातून बाहेर पडतो. २०२३ मध्ये या गटाने ३ मिलिमीटर व्यासाच्या अशा लेसरमधून ५० वॅट अखंड शक्ती मिळवली. शलाकेचा पसरण्याचा कोन सुमारे ०.०५ अंश होता.