गव्हाचा गुन्हा कोणी पकडला?

पोट बिघडले की खाणे बदला, असा सल्ला आपल्याकडे आजीपासून वैद्यापर्यंत सगळेच देतात. पण ताटातला नेमका कोणता पदार्थ उचलायचा? सीलिॲक नावाच्या विकारात हे ठरायला साठ वर्षे लागली, आणि तोवर कित्येक मुले हकनाक गेली.

या विकारात मूल खाते, पण अंगी लागत नाही. पोट नगाऱ्यासारखे फुगते, हातपायांच्या काड्या होतात. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गुण आला तर आहारानेच येईल, असे बजावले. पिष्टमय पदार्थ त्यांनी कमी केले. मात्र पावाचा पातळ काप दोन्ही बाजूंनी भाजून देण्यास त्यांची हरकत नव्हती. चोर घरातच राहिला, फक्त खरपूस होऊन! पुढे १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली. श्रेय केळ्यांना मिळाले. त्याबरोबर पावही बंद केला होता, ही गोष्ट बाजूला पडली.

हॉलंडमधील हेग शहरात विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ १९३६ साली मुलांच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. पाव बंद केला की माझे मूल सुधारते, असे एका आईने त्यांना सांगितल्याची नोंद आहे. बाईचे बोलणे म्हणून त्यांनी ते सोडून दिले नाही. गव्हाविना आहार देऊन पाहिला आणि त्याविषयी १९४१ साली लिहिलेही.

त्यानंतर युद्धातला तो हिवाळा आला. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या डच सरकारच्या हाकेवरून १७ सप्टेंबर १९४४ रोजी सुमारे ३०,००० रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी सूड म्हणून देशाच्या पश्चिम भागाची अन्नवाहतूक तोडली. पुढे कालवेही गोठले. लोकांनी ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले. सुमारे २०,००० माणसे दगावली. पाव दुर्मिळ झाल्याने त्या काळात सीलिॲकची मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा बिघडली, असे सांगतात.

यावरून दुष्काळानेच शोध लावला, अशी कथा रंगवली जाते. मला ती मान्य नाही. संपकऱ्यांच्या घरच्या चुली विझलेल्या मी पाहिल्या आहेत. उपासमार कोणाला शहाणे करीत नाही. डिके यांचा संशय दुष्काळाच्या आधीचा होता, आणि पुरावा नंतरचा. युद्ध संपल्यावर त्यांनी व सहकाऱ्यांनी मुलांना आळीपाळीने गहू देऊन व बंद करून शौचातील स्निग्धांश मोजला. उत्रेख्त विद्यापीठाचा त्यांचा प्रबंध १९५० सालचा. त्यापाठोपाठ गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन दोषी ठरले. आज आपण जाणतो की ज्यांच्यात ही प्रवृत्ती उपजत असते, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारशक्ती ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अशांना गहू, जव व राय जन्मभर वर्ज्य.

आपली ज्वारी, बाजरी, नाचणी आणि भात या रोग्याला चालतात. पण गिरणीत आधी गहू दळला असेल, तर त्याचे पीठ ज्वारीत उतरते. बाजारच्या बांधणीच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. शिवाय रक्ताची तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. नुसत्या संशयावरून आधीच गहू सोडला, तर रोग असूनही तपासणीत दिसेनासा होतो.