तोतया: पानिपतानंतरचा आणि आजचा

दुसऱ्याचे नाव चोरण्याचा धंदा नवा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर नाहीसे झाले, आणि थोड्याच वर्षांत सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत पुढे आला. चेहऱ्याचे साम्य एवढेच त्याचे भांडवल. पार्वतीबाईंच्या कपाळीचे कुंकू कायम होते. लोकांच्याही त्याच आशेवर हे सोंग पोसले. तो रत्नागिरीस कैदेत पडला, पण १७७६ साली तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला सोडले, आणि कोकणातले बरेच किल्ले त्याला मिळाले! अखेर त्याच साली पुण्यात त्याला देहदंड झाला.

आजच्या तोतयाला चेहराही लागत नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता, विमा क्रमांक, सारे इस्पितळाच्या संगणकात एकत्र असते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणकव्यवस्था हल्लेखोरांनी बंद पाडली. कित्येक दिवस कामकाज कागदावर चालले.

पैशाची चोरी निदान कळते तरी. खानदेशातून सुरतेकडे, पलसाण्याच्या कापड-कारखान्यांत गेलेल्या कामगाराच्या नावावर दुसऱ्याने उपचार घेतले, तर त्या परक्याचा रक्तगट आणि आजार याच्या नोंदीत मिसळतात, आणि याला त्याचा पत्ताही नसतो. सुखनिधानाची शहानिशा करायला भाऊंना पाहिलेली माणसे पुण्यात हयात होती. या कामगाराला अपघातानंतर तपासणारा डॉक्टर त्याला प्रथमच पाहत असतो.